व्हिसाची बातमी आणि क्लायंटचा खिसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको दोघंही हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत, वय पंचेचाळिशीच्या आसपास. गुंतवणुकीतला जवळजवळ निम्मा पैसा आयटी शेअर्समध्ये, त्यात नोकरीतून मिळालेले शेअर्सही आले. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या एच-१बी व्हिसावर एक लाख डॉलरची फी लागली आणि एका सकाळी सगळा पोर्टफोलिओ लाल झाला. तेव्हापासून अमेरिकेतून काहीही बातमी आली की विकायचं की थांबायचं, यावर घरात रोज चर्चा. शिवाय मुलीला एमएसला पाठवायचंय. परदेशातल्या सरकारने धोरण बदललं की नेमकं बघायचं काय, असं त्यांनी विचारलंय.

मी पुण्यातल्या एका आयटी सेवा कंपनीच्या वित्त विभागात २४ वर्षं होते. त्यातली निम्मी वर्षं प्राइसिंगमध्ये गेली, म्हणजे क्लायंटला द्यायचा दर ठरवणं आणि त्यात आपल्याला काय सुटतं ते बघणं. आता लोकांचे पोर्टफोलिओ बघते. त्यामुळे मी हे दोन्ही बाजूंनी पाहिलंय आणि माझं मत ठाम आहे: धोरण कोणाविरुद्ध आहे हे बघण्यात वेळ घालवू नका. त्या धोरणामुळे पैसा कोणाच्या खिशातून जाणार, तेवढं शोधा. आपल्या कंपनीच्या खर्चात भर पडणार असेल तर दोन-चार तिमाही त्रास होतो आणि कंपनी वाट काढते. क्लायंटचा खिसाच आखडणार असेल, तर मात्र आपल्या हातात फारसं काही उरत नाही.

आधी तो एक लाख डॉलरचा किस्सा नीट उलगडू. १९ सप्टेंबर २०२५ ला, शुक्रवारी, ट्रम्प यांनी घोषणापत्रावर सही केली. अमेरिकेचे वाणिज्य मंत्री लटनिक त्याच दिवशी बोलताना म्हणाले की ही फी दरवर्षी भरायची. झालं, विमानात बसलेले लोक उतरले, सुट्टीवर आलेल्यांना कंपन्यांनी ताबडतोब परत बोलावलं. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसने खुलासा केला: फी एकदाच, फक्त नव्या अर्जांना, रिन्यूअलला लागू नाही. सोमवारी २२ तारखेला बाजार उघडला तेव्हा आयटी शेअर्सचा निर्देशांक निफ्टी आयटी तरीही सुमारे तीन टक्के पडला. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने आणखी स्पष्ट केलं की जो माणूस आधीच अमेरिकेत आहे आणि तिथल्या तिथे व्हिसाचा प्रकार बदलतोय किंवा मुदत वाढवतोय, त्याला ही फी नाही. प्रकरण न्यायालयातही गेलं. म्हणजे शुक्रवारच्या भीतीतला बराचसा भाग महिनाभरात गळून पडला, पण सोमवारी सकाळी घाईत विकलेले शेअर विकलेलेच राहिले.

आता गणित. समजा ऑनसाइट, म्हणजे अमेरिकेत क्लायंटकडे बसून काम करणाऱ्या, माणसाचा बिलिंग रेट ताशी ७५ डॉलर आहे आणि वर्षाला १,९०० तास बिल होतात. वर्षाचे झाले १,४२,५०० डॉलर. एक लाखाची फी व्हिसाच्या तीन वर्षांवर पसरली तर वर्षाला ३३,३३३ डॉलर, म्हणजे बिलाच्या सुमारे २३ टक्के. आपल्याकडच्या चांगल्या कंपन्यांचं ऑपरेटिंग मार्जिन २० ते २५ टक्क्यांच्या दरम्यान असतं आणि ऑनसाइट कामावर त्याहून कमीच सुटतं. तेव्हा त्या माणसावर कंपनीला उरतं शून्य किंवा त्याखाली. इथे टीव्हीवरचा माणूस म्हणतो, "मार्जिन संपलं!" पण कोणती कंपनी तोट्यात माणूस पाठवेल? ती पाठवतच नाही. ते काम ऑफशोअरला, म्हणजे इथे भारतात, येतं, किंवा मेक्सिको-कॅनडातल्या सेंटरला जातं, किंवा तिथलाच माणूस घेतला जातो. खर्चाचा खरा आकडा म्हणून ही फी बघायचीच नाही. तिने फक्त दार बंद केलं, आणि त्या दारातून जाणारी गर्दी आधीच ओसरली होती. आयटी कंपन्यांची संघटना असलेल्या नॅसकॉमनेच त्या वेळी आकडे दिले होते: आघाडीच्या भारतीय आणि भारतकेंद्री कंपन्यांना मिळालेले एच-१बी २०१५ मध्ये १४,७९२ होते, ते २०२४ मध्ये १०,१६२ वर आले. पहिल्या दहा कंपन्यांच्या एकूण मनुष्यबळात या लोकांचं प्रमाण एक टक्क्यापेक्षाही कमी.

ही घट आपोआप झाली नाही. २०१० मध्ये अमेरिकेने एक तिरकी फी आणली. अमेरिकेतल्या ज्या कंपनीत ५० किंवा अधिक कर्मचारी आहेत आणि त्यातले निम्म्याहून जास्त एच-१बी किंवा एल-१ (कंपनीअंतर्गत बदलीच्या) व्हिसावर आहेत, तिने प्रत्येक एच-१बी अर्जामागे जादा २,००० डॉलर भरायचे. नियमात भारताचं नाव नव्हतं, पण पंगतीत ताट कोणासाठी मांडलंय ते सगळ्यांना कळत होतं. डिसेंबर २०१५ मध्ये ती रक्कम दुप्पट, ४,००० डॉलर झाली, एल-१ साठी ४,५००. तेव्हा मी प्राइसिंगमध्ये होते. वाढीव खर्च क्लायंटवर ढकलता येईल का हे बघायला आम्ही मोठ्या करारांच्या फायली काढल्या. ज्या करारांत 'कायद्यातील बदलामुळे येणारा खर्च' असं कलम होतं, तिथेही क्लायंटचा प्रोक्युरमेंटवाला, म्हणजे खरेदी बघणारा माणूस, शांतपणे म्हणाला, "व्हिसा ही तुमची अडचण, मला निकालाशी मतलब." एकही डॉलर वसूल झाला नाही. पण त्या वर्षात आमच्याकडे दुसरंच काहीतरी घडलं. प्रत्येक प्रकल्पात "हा माणूस खरंच तिथे हवाय का?" असा प्रश्न विचारला जाऊ लागला आणि निम्म्या वेळा उत्तर 'नाही' असं यायचं. ऑफशोअरचा वाटा वाढला आणि मार्जिन उलट थोडं सुधारलं. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत व्हिसा नाकारण्याचं प्रमाण वाढलं तेव्हा कंपन्यांनी तिथे स्थानिक भरती वाढवली. इन्फोसिसने मे २०१७ मध्ये १०,००० अमेरिकन लोकांना घेण्याची घोषणा केली ती याच काळातली. मग कोविड आला आणि दोन वर्षं जगाने घरून काम केलं. ज्या क्लायंटला टीम लीड समोरच्या खुर्चीत हवा असायचा, त्याला लीड कोथरूडमध्ये बसलाय की कॅन्ससमध्ये याने फरक पडेनासा झाला.

म्हणून व्हिसाच्या बातमीला मी आता फार किंमत देत नाही. हे थोडं कोरडं वाटेल, कारण ज्या पोराचा व्हिसा अडकतो त्याचं आयुष्यच थांबतं. पण शेअर पोराच्या आयुष्याचा नसतो, कंपनीच्या नफ्याचा असतो.

आता दुसरी बाजू. इन्फोसिसचीच आकडेवारी घ्या. कॉन्स्टंट करन्सीत, म्हणजे चलनातला चढउतार बाजूला ठेवून, आर्थिक वर्ष २०२१-२२ मध्ये महसूल १९.७ टक्के वाढला. २०२३-२४ मध्ये वाढ होती १.४ टक्के. टीसीएसची वाढ त्याच दोन वर्षांत १५.४ वरून ३.४ वर आली. या मधल्या काळात व्हिसाचा कोणता मोठा कायदा बदलला? एकही नाही. बदलला तो अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, म्हणजे फेडरल रिझर्व्हचा (फेडचा), व्याजदर. मार्च २०२२ मध्ये तो शून्याजवळ होता, जुलै २०२३ पर्यंत ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर पोहोचला. पैसा महाग झाला की अमेरिकन बँकेचा सीआयओ, म्हणजे आयटीचा प्रमुख, सगळ्यात आधी नव्या प्रकल्पांवर पेन्सिल फिरवतो. जुनी सिस्टीम क्लाउडवर न्यायची होती, ती पुढच्या वर्षी. अ‍ॅपचं नवं रूप हवं होतं, ते नंतर बघू. जे चालू आहे ते चालवा, आणि तेही दहा टक्के कमी दरात. आपल्या मोठ्या कंपन्यांचा साधारण तिसरा हिस्सा धंदा बँका आणि विमा कंपन्यांकडून येतो, त्यामुळे तिथे शिंक आली की इथे ताप चढतो. भारतविरोधी असं त्या व्याजदरवाढीत काहीच नव्हतं, तो निर्णय घेताना आपला कोणी विचारही केला नसेल. पण आयटी गुंतवणूकदाराचं त्या दशकातलं सगळ्यात मोठं नुकसान त्यानेच केलं. २०२२ या एका वर्षात निफ्टी आयटी सुमारे पाव हिस्सा घसरला. परकी सरकारचं धोरण म्हटलं की आपल्याला व्हिसा, टॅरिफ, ट्रम्प एवढंच आठवतं. मला विचाराल तर फेडच्या बैठकीची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा.

टॅरिफचंही तसंच. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ आणि मग आणखी २५ असा एकूण ५० टक्के कर लावला, तेव्हा अनेकांनी आयटीचे शेअर विकले. तो कर वस्तूंवर होता. सॉफ्टवेअरचं काम कस्टम्सच्या दारातून जात नाही. तरीही विकणारे पूर्ण चुकले असं मी म्हणणार नाही, कारण क्लायंट अमेरिकन दुकानदार किंवा वाहन कंपनी असेल आणि त्याचा माल चीन-मेक्सिकोतून येत असेल, तर टॅरिफ त्याच्या नफ्यातून जातो आणि त्याचं आयटी बजेट कापलं जातं. पुन्हा तोच खिसा. त्यामुळे आयटी कंपनीचे निकाल वाचताना रिटेल आणि मॅन्युफॅक्चरिंग या ओळींकडे बघा, तिथे हा परिणाम आधी दिसतो. ज्या भारतीय कंपन्या वस्तू बनवतात, फोन किंवा इलेक्ट्रॉनिक्स जुळवतात, त्यांचं गणित वेगळं. एप्रिल २०२५ मध्ये स्मार्टफोनना त्या वेळच्या टॅरिफमधून सूट मिळाली नसती तर आपल्याकडच्या आयफोन जुळणीचं काय झालं असतं, याचा विचार करून बघा. तिथे एका आदेशाने धंदा हलू शकतो.

कर-कायद्यातली एक ओळ मात्र जवळजवळ कोणीच वाचत नाही, आणि मला ती व्हिसापेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाची वाटते. २०१७ च्या अमेरिकन करसुधारणेत एक तरतूद होती, तिची अंमलबजावणी २०२२ पासून झाली. संशोधन आणि सॉफ्टवेअर विकासावरचा खर्च अमेरिकन कंपनीला त्याच वर्षी पूर्ण वजा करता येणार नाही. काम अमेरिकेत झालं असेल तर पाच वर्षांत, परदेशात झालं असेल तर १५ वर्षांत वजा करायचा. जुलै २०२५ मध्ये जो मोठा करकायदा झाला त्याने अमेरिकेत होणाऱ्या कामाला जुनी सवलत परत दिली, खर्च त्याच वर्षी वजा. परदेशातल्या कामासाठी १५ वर्षं तशीच ठेवली. आकड्यात सांगते. अमेरिकन कंपनीने पुण्यातल्या टीमवर नवं उत्पादन बनवायला १५ लाख डॉलर खर्च केले, तर पहिल्या वर्षी करात वजावट मिळते ५० हजार डॉलरची, कारण पहिल्या वर्षी अर्ध्याच वर्षाचा हिशोब धरतात. तेच काम टेक्सासमध्ये केलं असतं तर अख्खे १५ लाख वजा. पुण्यातला इंजिनिअर अजूनही स्वस्तच पडतो, पण दरी कमी होते. याची झळ सगळ्यांना सारखी नाही. चालू सॉफ्टवेअरची देखभाल, बग काढणं, सपोर्ट यांना हा नियम साधारणपणे लागत नाही. नवीन उत्पादन घडवणाऱ्या, म्हणजे इंजिनिअरिंग आणि आर अँड डी सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या क्लायंटना लागू शकतो, आणि तोही काम करून घेताना जोखीम आणि हक्क कोणाकडे आहेत त्यावर. तुमच्या पोर्टफोलिओत अशा मध्यम आकाराच्या दोन-तीन कंपन्या असतील तर त्यांच्या कॉन्फरन्स कॉलमध्ये हा प्रश्न कोणी विचारतंय का ते ऐका. मी आजवर फार क्वचित ऐकलाय.

खिशाला थेट हात घालणारं एक विधेयकही सप्टेंबर २०२५ मध्येच अमेरिकन सिनेटमध्ये आलं. सिनेटर बर्नी मोरेनो यांनी मांडलेलं हे 'हायर' विधेयक. अमेरिकन ग्राहकांसाठीच्या कामाचे पैसे परदेशात दिले तर त्यावर २५ टक्के कर, आणि तो खर्च करात वजाही करता यायचा नाही. हे पास झालं तर व्हिसा, टॅरिफ सगळं किरकोळ वाटेल, कारण हा कर आपली कंपनी भरणार नाही, क्लायंट भरेल, आणि ऑफशोअर कामाचं मूळ गणितच मोडेल. ऑफशोअरला पळून जाण्याची वाट इथे चालत नाही, कर त्याच वाटेवर बसलाय.

पण विधेयक आणि कायदा यात फरक आहे, आणि इथेच बहुतेक गुंतवणूकदार फसतात. अमेरिकन काँग्रेसमध्ये मांडलेली बहुसंख्य विधेयकं समितीतच पडून राहतात. सिनेटमध्ये साधं विधेयक पुढे न्यायला व्यवहारात १०० पैकी ६० मतं लागतात. अर्थसंकल्पी मार्गाने जाणाऱ्या पॅकेजला मात्र साधं बहुमत पुरतं. म्हणून एखादी तरतूद कोणत्या गाडीत बसलीय ते आधी बघायचं. मे २०२५ मध्ये 'कलम ८९९' नावाची तरतूद अशाच पॅकेजमध्ये शिरली होती: अमेरिकन कंपन्यांवर अन्यायकारक कर लावणाऱ्या देशांतल्या गुंतवणूकदारांवर जादा कर. ती खरी धोक्याची होती, कारण गाडी सुटणारच होती. जूनच्या शेवटी ती काढली गेली. (आपण तोवर परदेशी कंपन्यांच्या डिजिटल जाहिरातींवरचा सहा टक्क्यांचा कर, म्हणजे इक्वलायझेशन लेव्ही, १ एप्रिल २०२५ पासून रद्द केलेली होती, हेही लक्षात घ्या. धोरणं एकमेकांकडे बघूनच बदलतात.) राष्ट्राध्यक्षांचा आदेश रातोरात येतो, तसाच रातोरात मऊही होतो किंवा न्यायालयात अडकतो. खात्याचा नियम आधी मसुदा म्हणून येतो, लोकांची मतं मागवतो, मग पक्का होतो, त्यामुळे आपल्याला महिने मिळतात. आणि पक्का झालेला नियमही टिकेलच असं नाही. जानेवारी २०२५ मध्ये बायडेन प्रशासनाने एआय चिपच्या निर्यातीसाठी देशांच्या तीन पायऱ्या केल्या, भारत मधल्या पायरीवर. मे महिन्यात तो नियम लागू व्हायच्या तोंडावर ट्रम्प प्रशासनाने मागे घेतला. फेब्रुवारीत ज्यांनी त्या भीतीने डेटा सेंटरचे शेअर फुंकून टाकले, त्यांच्याबद्दल काय बोलायचं!

तंत्रज्ञानाचा नळ दुसऱ्याच्या हातात असण्याचा हा प्रकार पुण्याला नवा नाही. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिला, १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० हा आपला सुपरकॉम्प्युटर तयार झाला. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवी. पण जुलै २०२५ मध्ये नळ पुन्हा बंद झाला आणि फारशी चर्चा झाली नाही. युरोपीय संघाने रशियावरच्या निर्बंधांत नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीचं नाव घातलं. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिला मिळणाऱ्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि काही दिवसांत सेवा परत सुरू झाल्या. विचार करा, निर्बंध युरोपचे, सॉफ्टवेअर अमेरिकेचं, रिफायनरी गुजरातेत, आणि बंद पडला कर्मचाऱ्यांचा ईमेल. सूचीबद्ध कंपनीच्या वार्षिक अहवालात मी आता बघते की तिची ईमेल-क्लाउड व्यवस्था किती पुरवठादारांवर टांगलेली आहे. बहुतेक अहवाल याबाबत गप्प असतात.

रुपयाबद्दल दोन शब्द, कारण त्यावर लोक खूप भरवसा ठेवतात. रुपया एक टक्का घसरला की आयटी कंपनीचं मार्जिन साधारण पाव टक्का सुधारतं, असा जुना ठोकताळा आहे. २०१३ च्या उन्हाळ्यात फेडने नुसतं रोखेखरेदी कमी करण्याचं सूतोवाच केलं आणि डॉलर ५५ रुपयांच्या आसपासून ऑगस्टअखेर ६८ च्या वर गेला. बाकीचा बाजार हादरलेला असताना आयटी शेअर्सनी मात्र तेव्हा हात दिला. पण हा फायदा टिकाऊ नसतो. कंपन्यांनी पुढच्या काही तिमाहींचे डॉलर आधीच हेज केलेले, म्हणजे ठरलेल्या दराने बांधून ठेवलेले, असतात, आणि करार रिन्यू करायला बसलं की समोरचा म्हणतो, "तुमचा रुपया घसरलाय ना? मग दर कमी करा." प्रोक्युरमेंटवाल्यांना आपल्या चलनाचा भाव आपल्यापेक्षा आधी ठाऊक असतो, हे मी अनुभवाने सांगते.

एखादी चांगली बातमीही असते आणि ती बाजाराच्या लक्षात येत नाही. २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. त्यासोबत ठरलं की भारतातून तात्पुरतं ब्रिटनला गेलेल्या कर्मचाऱ्यासाठी तीन वर्षांपर्यंत तिथली सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरावी लागणार नाही. अमेरिकेशी आपला असा करार नाही. आपली माणसं तिथे वर्षानुवर्षं वर्गणी भरतात आणि दहा वर्षांचा हिशोब पूर्ण व्हायच्या आत परतली तर पेन्शनचा हक्क मिळत नाही.

आता जीसीसी, म्हणजे परदेशी कंपन्यांनी भारतात उघडलेली स्वतःची केंद्रं. व्हिसा अवघड होतो, वेंडरवरचा खर्च डोळ्यात येतो, तेव्हा मोठा अमेरिकन क्लायंट म्हणतो, मधला वेंडर कशाला, आपणच तिथे जाऊ. २०२४ मध्ये भारतात अशी १,७०० हून अधिक केंद्रं होती आणि त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करत होते. परकी धोरणामुळे भारतात काम वाढतं, हे वाक्य यामुळे खरं ठरतं. पण ते काम ज्या केंद्रात जातं त्याचा शेअर तुम्हाला भारतीय बाजारात विकत घेता येत नाही. बाणेरला त्या केंद्राची इमारत उभी राहते, तिथल्या पोरांना पगार मिळतो, फ्लॅटचे भाव चढतात, आणि तुमच्याकडच्या आयटी सेवा कंपनीचा एक करार रिन्यू होत नाही. देशाचा फायदा आणि शेअरहोल्डरचा फायदा यांची गल्लत करू नका. (हायर विधेयकाचा फटका मात्र या केंद्रांनाही बसेल, कारण तिथेही पैसे परदेशी कंपनीलाच दिले जातात.)

आता तुमच्या घराकडे येते. तुम्ही 'निम्मा पैसा आयटीत' असं लिहिलंय. मला तो निम्मा वाटत नाही. दोघांचे पगार आयटीतून, नोकरीतून मिळालेले शेअर आयटीचे, हिंजवडीजवळच्या फ्लॅटची किंमत आयटीवर, मुलीच्या शिक्षणाचा खर्च डॉलरमध्ये. एका अमेरिकन बँकेने बजेट कापलं तर यातलं काय काय एकाच वेळी हलेल याचा कागदावर हिशोब मांडा. बाहेरच्या माणसासाठी आयटीत १५ टक्के ठीक असतील. तुमच्यासारख्या घराला माझं सांगणं असतं की पगार हीच तुमची आयटीतली गुंतवणूक. वरचे शेअर पाच टक्क्यांच्या आत ठेवा. कंपनीचे शेअर हातात पडतील तसे विकत जा. "आपली कंपनी आहे, आतून माहिती असते" हे मला नेहमी ऐकवलं जातं. आतून माहिती असते ती तुमच्या प्रकल्पाची. फेडची नसते.

एकदम सगळं काढू नका. सहा ते आठ तिमाहींत, निकालानंतर, करासहित हिशोब करून टप्प्याटप्प्याने. बातमीच्या दिवशी काहीच करायचं नाही, ना विक्री ना खरेदी. मूळ कागद वाचून होईपर्यंत तीन दिवस जाऊ द्या. एवढ्या एका नियमानेसुद्धा २२ सप्टेंबरची तुमची सकाळ वेगळी गेली असती.

काही जण यावर उपाय म्हणून थेट अमेरिकन शेअर घेतात. कल्पना वाईट नाही, पण तिथल्या सरकारचं एक जुनं धोरण आपल्या लोकांना माहीत नसतं. अमेरिकेत न राहणाऱ्या परकी माणसाच्या नावावर अमेरिकन कंपन्यांचे शेअर असतील आणि तो वारला, तर ६० हजार डॉलरच्या वरच्या रकमेवर तिथला वारसा कर लागतो, आणि त्याचा दर ४० टक्क्यांपर्यंत जातो. भारत-अमेरिका करारात या कराला सूट नाही. अमेरिकेत नोंदलेल्या ईटीएफला, म्हणजे शेअरसारख्या खरेदी-विक्री होणाऱ्या फंडांनाही, हेच लागू. तुमच्यापैकी कोणाला अमेरिकन कंपनीचे शेअर नोकरीतून मिळत असतील तर ते साठवून ठेवणं याच कारणासाठी धोक्याचं आहे, नवराबायकोच्या नावावर किती साठलेत ते आजच बघा. त्यांच्या लाभांशावर २५ टक्के तिथेच कापले जातात, त्याचं क्रेडिट इथल्या रिटर्नमध्ये घ्यायला विसरू नका. इथून पैसे पाठवून गुंतवायचे तर वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि दहा लाख रुपयांच्या वर २० टक्के कर आधी गोळा होतो, तो नंतर रिटर्नमध्ये समायोजित होतो. भारतीय म्युच्युअल फंडामार्फत गेलात तर त्या वारसा कराची डोकेदुखी तुमच्या अंगावर येत नाही.

मुलीबद्दल. शिक्षण संपल्यावर १२ महिने आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखेला आणखी २४ महिने तिथे काम करता येतं, ही सध्याची व्यवस्था. ऑक्टोबर २०२५ च्या खुलाशानुसार तिथूनच विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्याला एक लाख डॉलरची फी नाही. दोन्ही गोष्टी ती शिकत असताना बदलू शकतात, म्हणून कॉलेज निवडताना एक हिशोब असा करा की तिला पदवी घेऊन लगेच परत यावं लागलं, तर कर्ज इथल्या पगारात फिटेल का? फिटत नसेल तर कमी फीचं विद्यापीठ बघा, किंवा जर्मनी बघा. पहिल्या वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च आजच्या घडीला आयटी शेअर्समध्ये असेल, तर वर सांगितलेल्या आठ तिमाही त्या पैशाला लागू नाहीत. तेवढी रक्कम पुढच्या निकालांची वाट न बघता या महिन्यात काढा आणि अल्प मुदतीच्या ठेवीत किंवा लिक्विड फंडात ठेवा.